कसब आणि ग्रंथ : दों बेदोस यांची ‘ऑर्गनकाराची कला’

ऑर्गन हा शब्द महाराष्ट्रास नवा नाही. संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळात रंगमंचापुढे बसून, पायांनी भाता हलवीत, गायकनटास भरदार स्वरांची साथ देणारे ते वाद्य आपल्या नाट्यसंगीताच्या इतिहासाचा एक भागच होऊन बसले आहे. परंतु ज्या वाद्याच्या रचनेविषयी लिहिलेल्या एका ग्रंथाचा विचार आम्ही येथे करणार आहो, त्याच्याशी रंगभूमीवरील या ऑर्गनाचे नाते नावाचे व वाऱ्याचे, एवढेच आहे. नाटकातील ऑर्गन काय किंवा घरोघरची पेटी काय, दोहोंत स्वर निघतो तो वाऱ्याने थरथरणाऱ्या पितळी जिभेतून. युरोपातील चर्चमधल्या थोरल्या ऑर्गनाचा स्वर निघतो तो मुख्यतः बासरीप्रमाणे फुंकर मिळालेल्या नळीतून. एका नळीतून एकच स्वर निघत असल्यामुळे पट्ट्या जितक्या तितक्या नळ्या, आणि ध्वनीचे प्रकार जितके तितक्या त्या नळ्यांच्या रांगा, असा हिशेब करता एकेका वाद्यात हजारो नळ्या उभ्या कराव्या लागतात. त्यांतील सर्वांत लहान नळी करंगळीहून आखूड असते, तर सर्वांत मोठी ३२ फूट उंच असू शकते. असे वाद्य बाजारातून विकत आणून कोपऱ्यात ठेवता येत नाही. ते विशिष्ट वास्तूसाठी, तेथील कमानींची उंची व आवाजाचा घुमारा पाहून, जागेवरच उभे करावे लागते. आणि ते उभे करणाऱ्यास सुतारकाम, ओतकाम, चामड्याचे काम, यंत्रविद्या, भूमिती आणि संगीत इतक्या गोष्टी अवगत असाव्या लागतात.

या कसबावर ‘ऑर्गनकाराची कला’ या अर्थाच्या नावाचा फ्रेंच ग्रंथ पॅरिस येथे १७६६ ते १७७८ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाला. ग्रंथकार दों फ्रांस्वा बेदोस द सेल (१७०९–१७७९) हे बेनेडिक्टाइन पंथाचे संन्यासी होते. ‘दों’ ही त्या पंथातील साधूंच्या नावापूर्वी लावावयाची आदराची उपाधी होय. जर्मनीत १९३४ ते १९३६ या वर्षांत या ग्रंथाची यथामूल प्रतिकृती निघाली, आणि फ्रेंच न जाणणाऱ्या वाचकासाठी चार्ल्स फर्ग्युसन यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वीचा, परक्या देशातील आणि परक्या उपासनेतील वाद्यावरचा हा ग्रंथ मराठी वाचकांपुढे ठेवण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन असे की, हातात असलेली विद्या कागदावर उतरविता येते काय, आणि येत असल्यास कोठपर्यंत, या प्रश्नाचा इतका प्रामाणिक निवाडा दुसऱ्या ग्रंथात क्वचितच आढळेल. आणि हा प्रश्न आपल्या घरचाही आहे.

ग्रंथ ज्या परिस्थितीत जन्मास आला ती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. धंद्यातील गुपिते बापाने मुलास व उस्तादाने शागिर्दास सांगावी, तिऱ्हाइतास सांगू नयेत, हा रिवाज आपल्याकडे होता तसा तिकडेही होता. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने या रिवाजास छेद देण्याचे ठरवून १७६१ पासून निरनिराळ्या धंद्यांची सचित्र वर्णने छापण्याचा उपक्रम आरंभिला. कोळसे पाडणारे, कागद करणारे, मेणबत्त्या ओतणारे, अशा साध्या कारागिरांचे धंदे या मालेत विद्वानांच्या लेखणीने वर्णिले गेले. बहुतेक ठिकाणी लिहिणारा एक आणि करणारा दुसरा, अशी स्थिती होती. बेदोस यांचे वैशिष्ट्य हे की ते दोन्ही होते. ते अकादमीचे वार्ताहर-सभासद होते, सूर्यघड्याळांच्या रचनेवर १७६० मध्ये त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. आणि बोर्दो शहरातील सेंत-क्र्वा या मठाचा मोठा ऑर्गन त्यांनी स्वतः घडविला होता. तो १७४८ मध्ये पुरा झाला. म्हणजे ग्रंथ हाती घेण्यापूर्वी त्यांच्या बोटांना सरस व शिसे लागून चुकले होते. मोजमापाची आवड आणि हत्याराची सवय ही दोन्ही एका मनुष्यात एकत्र नांदणे ही गोष्ट सामान्य नव्हे, आणि ग्रंथाचा सर्व गुण या एकाच गोष्टीतून उत्पन्न झालेला आहे, असे आमचे मत आहे.

पहिल्या भागात यंत्रशास्त्राची आवश्यक तत्त्वे, हत्यारे व वाद्याच्या अवयवांची ओळख येते; दुसऱ्यात ते अवयव घडविण्याची प्रत्यक्ष रीत सांगितली आहे; तिसरा भाग वादकांसाठी असून चौथ्यात घरगुती लहान ऑर्गन व आपोआप वाजणारी खिळ्यांच्या दंडगोलांची वाद्ये वर्णिली आहेत. सोबत १३७ चित्रपत्रे आहेत. एखादी रीत शब्दांनी सांगितली म्हणजे समजली असे न मानता, ती करताना हात कोठे असतात, हत्यार कोणत्या बाजूने धरतात, लाकूड कोणत्या दिशेने चिरलेले असावे, हे सर्व ग्रंथकार पुन्हा पुन्हा दाखवितात. भाषा रूक्ष आहे. अलंकार शोधून सापडणार नाहीत. परंतु ज्या वाचकास काम करावयाचे आहे त्याचा वेळ त्यांनी एका ओळीतही व्यर्थ दवडलेला नाही.

नळीच्या पत्र्याचेच उदाहरण घेऊ. कथील व शिसे यांचा रस करून तो लांबलचक मेजावर ताणून बसविलेल्या कापडावर ओतावयाचा असतो. मेजावर बिनतळाची एक पेटी असते. रस तीत घालून ती पेटी मेजाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एका दमात ओढीत न्यावयाची, म्हणजे मागे पातळ पत्रा पसरत जातो. रस निवून दाटू लागण्याचा नेमका क्षण साधला तर पत्रा एकसारखा होतो. तो क्षण चुकला तर सर्व पुन्हा वितळवावे लागते. मग पत्रा ठोकणे, रंधणे, कापणे, लाकडी साच्याभोवती वळविणे, आणि सांधा डाखाने जोडणे. डाख भलतीकडे पसरू नये म्हणून कडांना अगोदर पांढरी खळ लावून ठेवण्याची खबरदारीसुद्धा ग्रंथकारांनी वगळलेली नाही. नळीची उंची स्वराची पातळी ठरविते, तर तिचा घेर आणि तोंडाची रुंदी तिच्या आवाजाचा रंग ठरवितात. म्हणून प्रत्येक रांगेतील नळ्यांचे घेर उंचीबरोबर कसे घटत जावे, याच्या मोजपट्ट्या चित्रांतच काढून दिल्या आहेत.

वाऱ्याच्या प्रकरणात ग्रंथकारांची दृष्टी अधिकच सूक्ष्म होते. वारा हा ऑर्गनाचा प्राण आहे. तो कमी पडला तर वाद्य धापा टाकते, आणि हेलकावू लागला तर सर्व नळ्या एकदम बेसूर होतात. यासाठी एकाहून अधिक मोठे भाते ठेवून, एक खाली बसत असताना दुसरा उचलण्यास मनुष्य उभा करीत. पातळ फळ्यांच्या घड्या मेंढीच्या चामड्याने सांधून हे भाते कसे करावे, आणि काचेच्या नळीतील पाण्याच्या चढउतारावरून वाऱ्याचा दाब कसा मोजावा, हे बेदोस यांनी सांगितले आहे. तेथून वारा ज्या पेटीत येतो ती वाद्याचे हृदय म्हणावयास हरकत नाही. वादकाने पट्टी दाबली की लाकडी काड्यांच्या योगे त्या पेटीतील एक झडप उघडते व त्या स्वराच्या सर्व नळ्यांखालील वाट वाऱ्याने भरते. परंतु ज्या रांगेची सरकपट्टी ओढून तिची भोके नळ्यांखाली आणलेली असतील तीच रांग बोलते. पेटीचे स्टॉपर ओढणाऱ्या आपल्या वादकांस ही कल्पना सहज उमगेल. दोन परवानग्या मिळाल्यावाचून एकही नळी बोलत नाही, आणि या दोन परवानग्यांत एका केसाइतकी फट राहिली तरी न बोलाविलेली नळी कण्हू लागते. सुतारकामाची इतकी कठोर परीक्षा दुसऱ्या कोणत्या लाकडी वस्तूत होत असेल असे आम्हांस वाटत नाही.

सुरांच्या जुळणीविषयीचे त्यांचे विवेचन आमच्या वाचकांस विशेष जवळचे वाटेल. बारा पट्ट्यांत सप्तक बसवावयाचे म्हटले की कोठे तरी स्वराशी तडजोड करावी लागते. पेटीवर आपल्या संगीतज्ञांनी जो आक्षेप घेतला, आणि ज्यामुळे १९४० मध्ये नभोवाणीवरून तिची हकालपट्टी झाली, त्याचे एक मूळ या तडजोडीतच आहे. सर्व पट्ट्यांवर चूक सारखी वाटून टाकण्याची नवी रीत बेदोस यांस ठाऊक होती. तथापि त्यांचा कौल जुन्या रीतीकडे आहे. या रीतीत अकरा पंचम किंचित उतरविल्यामुळे आठ ठिकाणी षड्ज व शुद्ध गंधार यांचे अंतर निर्मळ मिळते, आणि सर्व चूक बाराव्या पंचमात साठते. तो पंचम इतका कर्कश होतो की त्यास तिकडे लांडगा म्हणतात. वादकाने त्या बाजूस फिरकू नये, एवढेच. थोडक्या ठिकाणी का होईना, पण स्वर खरा असावा, सर्वत्र अर्धवट असू नये, हा त्यातील विचार श्रुतींचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या लोकांस परका वाटू नये.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. इतके सर्व सांगितल्यावरही नळी तयार होते, तिचा स्वर तयार होत नाही. नव्या नळीत प्रथम वारा सोडला की ती घोगरते, उशिरा बोलते, किंवा एकदम वरच्या सप्तकात उडी घेते. मग तिच्या तोंडाशी असलेल्या आडव्या पडद्यावर बारीक खाचा पाडून, ओठ किंचित आत किंवा बाहेर दाबून, पायाचे भोक लहानमोठे करून तिला बोलती करावी लागते. आणि एक बोलली की तिच्या शेजारणींशी तिचा आवाज जुळवावा लागतो. हे काम ऑर्गनकाराच्या कलेचा गाभा आहे, आणि ते मोजपट्टीने होत नाही. आपल्याकडे तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडीवर कानस फिरवितो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा घासतो, आणि एका क्षणी थांबतो. कोठे थांबावयाचे हे त्यास विचारले तर तो ‘आवाज खुलला की’ एवढेच सांगेल. हे उत्तर खरे आहे, पण ते ज्याचा कान तयार आहे त्यालाच उपयोगी.

या ठिकाणी लेखकापुढे दोन सोपे मार्ग असतात. एक, हे सर्व गुरुमुखातूनच कळावयाचे असे म्हणून हात वर करणे. दुसरा, कोष्टके वाढवून ही अडचण नाहीच असे भासविणे. बेदोस दोन्ही टाळतात. ते नळीचे दोष एकेक सांगतात, प्रत्येकाचे संभाव्य कारण देतात, आणि कोणता उपाय आधी करून पाहावा व कोणता शेवटी, याचा क्रम लावून देतात. आपल्या वैद्यकात निदानग्रंथांची जी पद्धत आहे तीच ही. निदानग्रंथ वाचून कोणी वैद्य होत नाही, परंतु नाडी पाहण्यास बसलेल्या वैद्यास तो भलत्या वाटेने जाऊ देत नाही. कान कसा तयार करावा हे ग्रंथ सांगत नाही. तयार होत असलेल्या कानाने कोणत्या गोष्टीकडे लक्ष द्यावे, हे मात्र तो सांगतो. कसबाच्या ग्रंथाची मर्यादा हीच आणि त्याचा पराक्रमही हाच.

दोष दाखविल्यावाचून परीक्षण पुरे होत नाही. पहिला दोष असा की, एका देशाची रीत ही कलेचीच रीत आहे, असा ग्रह हा ग्रंथ वाचताना होतो. दक्षिण जर्मनीतील वाइनगार्टेन मठात योसेफ गाब्लर यांनी १७५० मध्ये पुऱ्या केलेल्या भव्य ऑर्गनाचे सुंदर चित्र ग्रंथात दिले आहे खरे. परंतु जर्मन कारागिरांनी पायांनी वाजवावयाच्या पट्ट्यांना जे स्वतंत्र राज्य दिले होते, त्याचे महत्त्व या ग्रंथावरून लक्षात येत नाही. बेदोस वर्णितात त्या धर्तीच्या ऑर्गनावर बाखच्या थोर रचना जशाच्या तशा वाजविता येणार नाहीत. दुसरा दोष ग्रंथकारांचा कमी व ग्रंथाच्या प्रतिष्ठेचा अधिक आहे. छापलेल्या मापास एक प्रकारचा अधिकार येतो. त्या काळचे फ्रेंच कारागीर आपापल्या घराण्याप्रमाणे व जागेप्रमाणे मापे बदलीत असत. पण त्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत, म्हणून बेदोस यांचे माप तेच सर्वांचे माप असे पुढील पिढ्यांनी धरून चालणे सोपे झाले. मापे जशीच्या तशी उचलून, ज्या वास्तूत वाद्य उभे राहावयाचे तिच्या घुमाऱ्याकडे कान न देणारा कारागीर ग्रंथाचे शब्द पाळतो आणि ग्रंथकारांचा धर्म मोडतो.

तथापि या ग्रंथाचे खरे मोल काळाने ठरविले. शेवटचा भाग निघाल्यास पुरती अकरा वर्षे झाली नव्हती तोच फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. मठ बंद पडले, चर्चची मालमत्ता जप्त झाली, अनेक ऑर्गनांच्या नळ्या कथील व शिसे यांच्या लोभाने वितळविल्या गेल्या. वाद्ये गेली, त्याहून वाईट म्हणजे कामे थांबल्याने उस्ताद व शागिर्द यांची साखळी जागोजाग तुटली. अशा वेळी जे शिल्लक राहिले त्यात हा ग्रंथ होता. १८४९ मध्ये हामेल यांनी ऑर्गनकारांसाठी जो नवा हस्तग्रंथ काढला तो बेदोस यांच्याच पायावर रचलेला होता. ज्या सें-द्नी मठात बेदोस यांनी आयुष्याची अखेर काढली, त्याच मठाच्या चर्चमध्ये १८४१ मध्ये आरिस्तीद काव्हाये-कोल यांनी आपला पहिला मोठा ऑर्गन उभा केला. पट्टीचे जड झालेले काम वाऱ्याच्याच जोराने हलके करणारी नवी युक्ती त्यात होती, आणि एकंदर नाद जुन्या पद्धतीहून निराळा, अधिक भरीव होता. नवे करणारा मनुष्य जुन्याचा शत्रूच असतो असे नाही, याचा पुरावा त्यांनीच दिला. पॅरिसच्या सें-स्युल्पीस चर्चमधील १८६२ चा शंभर रांगांचा ऑर्गन रचताना त्यांनी क्लिको यांच्या १७८१ च्या वाद्यातील पुष्कळ नळ्या जपून वापरल्या. चांगली बोलणारी नळी कोणाच्या हातची आहे हे न पाहता ती ठेवावी, हे ज्ञान कोष्टकातून येत नाही.

बोर्दोच्या ऑर्गनाची कथा तर याहून बोलकी आहे. बेदोस यांनी स्वहस्ते घडविलेले हे वाद्य एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या कोरीव लाकडी घरापासून वेगळे करून शहराच्या मुख्य चर्चमध्ये नेण्यात आले, आणि पुढे नव्या आवडीप्रमाणे पुष्कळ बदलले गेले. विसाव्या शतकाच्या अखेरीस पास्काल क्वारँ या ऑर्गनकारांनी शिल्लक नळ्या परत मूळ घरी आणून ते पुन्हा उभे केले. जे नाहीसे झाले होते ते पुन्हा घडविताना त्यांच्यासमोर वाद्याच्या कर्त्याचाच ग्रंथ होता. आपल्या हातचे काम लोकांनी मोडले तर ते पुन्हा कसे जोडावे, याची सूचना मागे ठेवून जाणारा कारागीर विरळा. पण हेही विसरू नये की ग्रंथ दोनशे वर्षे कपाटात होता म्हणून ते वाद्य उभे राहिले नाही. तो ग्रंथ उघडून, ओतलेल्या पत्र्यावर हात फिरवून व नळीस कान लावून त्यातील अक्षरांचा अर्थ लावणारा मनुष्य मिळाला, तेव्हा ते उभे राहिले.

हे वाचून आपल्याकडे पाहिल्यावर मन थोडे खिन्न होते. आपल्याकडे वाद्यांचे मोजून वर्णन करण्याची परंपरा नव्हती, असे कोणी म्हणू नये. तेराव्या शतकात याच महाराष्ट्रात, देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, आणि त्यातील वाद्याध्यायात वीणांची लांबी व बासरीच्या छिद्रांतील अंतरे अंगुळांच्या हिशेबाने दिली. परंतु ते संस्कृतात होते. जो लाकूड कोरीत होता त्याला ते वाचता येत नव्हते, आणि ज्याला ते वाचता येत होते त्याने पटाशी हाती धरणे कमीपणाचे मानले. लेखणी एका जातीकडे आणि हत्यार दुसऱ्या जातीकडे, या वाटणीने आपल्या विद्यांचे जे नुकसान केले त्याची मोजदाद अद्याप व्हावयाची आहे. मिरजेचे सतार-तंबोरे करणारे कारागीर पंढरपूरकडचा भोपळा पारखून घेतात, त्यावर दांडी चढवितात, जवारी लावतात. देशातील नामांकित गवई त्यांच्या हातच्या तंबोऱ्यावर स्वर लावून बसले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकन नावाचे रक्षण करते, विद्येचे करीत नाही. भोपळा कोणत्या महिन्यात उतरवावा, किती वाळवावा, तबलीची जाडी कोठे किती ठेवावी, जवारीतील कोणता दोष कशामुळे येतो, याची मराठीत, कारागिरासच वाचता येईल अशी, चित्रांसह नोंद झाली पाहिजे.

असे ग्रंथ लिहिल्याने कसब वाचेल, असे आश्वासन आम्ही देत नाही. बेदोस यांनीही दिले नव्हते. ग्रंथ हा शागिर्दाची जागा घेऊ शकत नाही. परंतु शागिर्द येईपर्यंत, आणि कधीकधी एक-दोन पिढ्या तो आलाच नाही तरी, उस्तादाचे म्हणणे जपून ठेवणे त्यास साधते. मात्र असा ग्रंथ लिहावयाचा तर लिहिणाऱ्याने काही वर्षे कारखान्यात बसून काढावी लागतील, किंवा कारखान्यातल्या मनुष्याच्या हाती आपण लेखणी द्यावी लागेल. दोहोंपैकी कोणता मार्ग घ्यावयाचा, याचा विचार आमच्या संगीतप्रेमी विद्वानांनी करावा, आणि तो जवारी लावणारे आजचे वृद्ध हात आपल्यात आहेत तोवर करावा.